मे महिन्यातली ओल: इमारतीचे पाइप म्हातारे झालेत हे वेळीच कसं ओळखावं

पाच वर्षांपूर्वी सोसायटीच्या वार्षिक सभेला मी दहा मिनिटं उशिरा पोचलो आणि सेक्रेटरी होऊन घरी आलो. पार्ल्यातली १९८१ सालची चार मजली इमारत, सोळा बिऱ्हाडं. पदभार म्हणून हातात पडली किल्ल्यांची एक जुडी आणि गळतीच्या तक्रारींची जाडजूड फाइल. नळाचा वॉशर बदलतात, यापलीकडे प्लंबिंगमधलं मला काही ठाऊक नव्हतं.

पहिल्याच वर्षी चांगली ठेच लागली. चौथ्या मजल्यावर दोन घरांच्या छताला ओल आली होती. ऑगस्ट महिना, बाहेर धो धो पाऊस. गच्ची गळतेय, यावर सगळ्यांचं एकमत. ठेकेदारानेही वर जाऊन मान डोलावली. दिवाळीनंतर गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं आणि दुरुस्ती निधी जवळजवळ झटकून टाकला. पुढच्या मे महिन्यात, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, त्याच छताला तीच ओल! टाकीतून निघालेला लोखंडी पाइप गच्चीच्या कोब्यातून जिथे खाली डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीत उतरतो, तिथे तो गंजून चाळण झाला होता. आमच्या नव्या वॉटरप्रूफिंगने त्याला नीट झाकून ठेवलं, एवढंच.

तुम्ही नुकतेच कमिटीवर आला असाल किंवा जुन्या इमारतीत रीसेलचा फ्लॅट बघत असाल, तर पुढचं वाचा. प्लंबर लागणारच आहे. पण तो यायच्या आधी निम्मं निदान आपल्याला घरबसल्या करता येतं, आणि ते केलेलं असलं की कुणी आपल्याला गच्ची विकत नाही.

जवळ काय ठेवायचं

टॉर्च, लोहचुंबक, दहा लिटरची बादली, घड्याळ, काचेची स्वच्छ बाटली, जाड पेन्सिल, मोजपट्टी, खायचा रंग आणि एक वही. मोबाइलमध्ये फोटो काढालच, पण वही हवीच. फोटो गॅलरीत हरवतात आणि पुढच्या सेक्रेटरीला मिळत नाहीत.

१. आधी कागद काढा

सोसायटीच्या कपाटातून हे शोधा: भोगवटा प्रमाणपत्र (इमारतीचं खरं वय त्यावरून कळतं), मंजूर नकाशे, आधीचे स्ट्रक्चरल ऑडिटचे अहवाल, गेल्या तीन वर्षांची पाण्याची बिलं, टाकी सफाईच्या नोंदी आणि सभासदांची गळतीची पत्रं. प्लंबिंगचा नकाशा मिळाला तर पेढे वाटा. आम्हाला मिळाला नाही.

तक्रारींची पत्रं तारखेप्रमाणे नाही, उभ्या रांगेप्रमाणे लावा. म्हणजे १०२, २०२, ३०२, ४०२ एका गठ्ठ्यात. एकाच रांगेतून वेगवेगळ्या वर्षी पत्रं आली असतील, तर ती चार भांडणं नसून एकच पाइप आहे. आमच्या फाइलमध्ये हे अकरा वर्षं पडून होतं.

पाणीबिलात माणसं तेवढीच असताना युनिट सावकाश चढत गेलेले दिसले, तर मीटरच्या पुढे कुठेतरी पाणी मुरतंय.

फ्लॅट विकत घेणाऱ्यांनी हे कागद सेक्रेटरीकडे मागायला लाजू नये. आणि ताजा रंग, नवं पीओपी, बाथरूमला चकचकीत फॉल्स सीलिंग दिसलं, तर मालकाला विचारा, "हे कधी केलंत आणि त्याच्यावर काय आहे?" बाथरूमचं फॉल्स सीलिंग उचलून बघू देत नसतील, तर मी तरी पुढे जाणार नाही.

२. पाइप कुठला आहे ते ओळखा

१९९० च्या आधीच्या बहुतेक इमारतींत पिण्याच्या पाण्याचे पाइप जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे असतात. सांडपाण्याचे बिडाचे. पुढे सीपीव्हीसी आणि यूपीव्हीसी हे प्लॅस्टिकचे पाइप आले. वरून रंग फासलेला असला तर सगळे सारखेच दिसतात, म्हणून लोहचुंबक. चिकटला तर जीआय किंवा बीड, नाही चिकटला तर प्लॅस्टिक.

नाही चिकटला आणि पाइप राखाडी, खरखरीत, जाडजूड असेल तर थांबा. तो एसी पाइप, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचा असू शकतो. एअर कंडिशनरशी त्याचा संबंध नाही. जुन्या इमारतींत पावसाच्या आणि सांडपाण्याच्या पाण्याला तो सर्रास वापरलेला आहे. त्याला करवत किंवा ग्राइंडर लावू देऊ नका. ती धूळ फुप्फुसांना घातक असते.

जीआयचा दुखरा भाग म्हणजे आटे. आटे पाडताना पाइपची भिंत पातळ होते आणि मुलामाही जातो, म्हणून गंज पहिल्यांदा जोडावर येतो. जोडाशी तांबूस फोड, त्याभोवती पांढरट खडूसारखा थर, पण पाणी मात्र ठिबकत नाही, असं दिसलं तर पाइप बरा आहे असं समजू नका. तिथे सुईएवढं भोक पडलेलं आहे आणि गंजानेच ते तात्पुरतं बुजवलंय. प्लंबर एम-सील (भोक बुजवायची पुट्टी) लावून देतो, चार महिने जातात, मग वीतभर अलीकडे दुसरा फोड उठतो. एका पाइपला वर्षात तीनदा एम-सील लागलं की तो पाइप बदलायच्या यादीत टाका.

तुकडाच बदलणार असाल तर जीआयमध्ये सी क्लास मागा. त्यावर लाल पट्टा असतो. बी क्लासला निळा, ए क्लासला पिवळा.

३. ओल कधी वाढते ते पाहा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि हिला पैसे लागत नाहीत. ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. आठवड्याने पुन्हा. घरचे म्हणतील भिंत खराब केली. ती आधीच खराब आहे.

आता रेघ कशी सरकते ते बघा.

बाहेर पाऊस असो नसो, घर आठवडाभर बंद असो, ओल वाढतच राहिली: पाणीपुरवठ्याचा पाइप. गच्चीवरच्या टाकीचा दाब त्याच्यावर चोवीस तास असतो, त्यामुळे तो सुट्टी घेत नाही.

ओल सकाळी भरते आणि दुपारपर्यंत ओसरते: सांडपाण्याचा पाइप किंवा न्हाणी ट्रॅप, म्हणजे न्हाणीच्या जाळीखालचा, थोडं पाणी धरून वास अडवणारा भाग. वापरलं की गळतं. हे मला शिकवलं आमच्या पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी. त्या जिन्यात गाठून म्हणाल्या, "अहो, वरती कुणी आंघोळीला गेलं की आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला घाम फुटतो. ते गावी गेले की भिंत सुकते." वरच्या बाथरूमच्या न्हाणीत आम्ही खायचा लाल रंग घालून दोन बादल्या पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी काकूंच्या ओट्यावर गुलाबी ओघळ! वरच्या वहिनी तोवर शपथेवर सांगत होत्या की त्यांच्याकडून काही नाही. ओघळ बघून त्यांनीच प्लंबरला फोन लावला.

जून ते सप्टेंबर फुगते आणि दिवाळीपर्यंत सुकते: गच्ची, बाहेरच्या भिंतीच्या चिरा, खिडकीच्या कडा. हा पाइपांचा विषय नाही. अपवाद गच्चीचं पावसाचं पाणी खाली नेणाऱ्या पाइपचा, तो फुटका असला तरी ओल पावसातच दिसते.

फक्त रात्री किंवा फक्त उन्हाळ्यात, खिडकीखाली ठराविक जागी ओल: आधी वरच्या घराच्या एअर कंडिशनरची नळी बघा. यावरून आमच्याकडे एक प्लंबर येऊन भिंत फोडून गेलाय, म्हणून सांगतो.

पाहणीला मे महिना उत्तम. पावसाची सबब नसते, भिंती कोरड्या असतात, आणि तरीही जी ओल दिसते ती बहुधा पाइपाचीच. जुलैत तीच रेघ पुन्हा तपासा. दोन्ही वेळचे फोटो शेजारी ठेवले की कुठल्याही ठेकेदाराशी धड बोलता येतं.

भिंतीवर पांढरी, मिठासारखी पूड आली असेल तर तो लोणा. पाणी भिंतीतून झिरपून वाळतं तेव्हा विटा-सिमेंटमधला क्षार वर येतो. तो खरवडून लगेच रंग देऊ नका. झिरपा थांबल्याशिवाय दिलेला रंग पुढच्या वर्षी पोपड्यांनी परत येतो.

४. सकाळचं पहिलं पाणी बाटलीत धरा

रात्रभर नळ बंद राहू दे. सकाळी कुणीही पाणी वापरायच्या आधी काचेच्या बाटलीत पहिलं पाणी घ्या आणि पांढऱ्या कागदासमोर धरा.

तांबूस आहे आणि अर्ध्या मिनिटात स्वच्छ झालं, तर गंज तुमच्या घरातल्या पाइपात. चार-पाच मिनिटं तांबूसच येत राहिलं, तर उभ्या डाउनटेकमध्ये, म्हणजे टाकीतून सगळ्या मजल्यांना पाणी आणणाऱ्या पाइपात. त्याच वेळी सगळ्या रांगांमध्ये तसंच येत असेल, तर टाकी तपासा. पाणी दुधासारखं पांढरट दिसून तळाकडून वर निवळत गेलं तर ती नुसती हवा आहे, घाबरू नका.

गढूळ आणि घाणेरडा वास असेल तर प्रकरण वेगळं. मुंबईत पालिकेचं पाणी ठरावीक तासच येतं. उरलेल्या वेळी लाइन रिकामी असते, आणि फुटक्या जागेतून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जाऊ शकतं. म्हणून पाणी आल्यावर पहिली काही मिनिटं गढूळ येणं ही धोक्याची खूण. ते पिऊ नका, आणि पालिकेच्या १९१६ क्रमांकावर व वॉर्ड ऑफिसच्या जलकामे विभागात तक्रार नोंदवून नमुना तपासायला सांगा. पालिकेच्या लाइनला थेट पंप जोडून पाणी खेचणारी मंडळी हा धोका आणखी वाढवतात. तो पंप बेकायदाही आहे.

टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) विकत घेऊन मिरवणारे बरेच दिसतात. तलावांचं पाणी मुळातच हलकं, त्यामुळे आकडा कमीच येतो. त्याच्यावर ना गंज कळतो ना गटार. बोअरवेल किंवा टँकरचं पाणी मिसळतंय का, एवढं मात्र त्याने कळतं.

५. बादली आणि घड्याळ

नळाच्या तोंडाची जाळी आधी काढून साफ करा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. मग दहा लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोजा आणि रांगेतल्या सगळ्या घरांत मोजून वहीत लिहा.

टाकी गच्चीवर असल्याने सगळ्यात वरच्या मजल्याला दाब कमी असणारच. दर दहा मीटर खाली उतरलं की साधारण एक किलो दाब वाढतो. म्हणून चौथ्या मजल्याची धार बारीक असणं हे दुखणं नाही. दुसऱ्या मजल्याची धार चौथ्यापेक्षा बारीक असेल तर मात्र पाइप आतून बुजलाय. बेसिनचा नळ उघडला की शॉवर मरतो, हीही तीच खूण. गरम पाण्याची धार गार पाण्यापेक्षा बरीच कमी असेल, तर गीझरनंतरचा जीआय पाइप पहिला गेलाय. गरम पाण्यात तो लवकर गंजतो.

आमच्याकडे पाइप बदलायचे की नाही यावर दोन सभा वाया गेल्या. तिसऱ्या सभेला मी पाऊण इंची पाइपचा कापलेला तुकडा घेऊन गेलो. आतून तपकिरी खडबडीत पुटं चढून मधे जेमतेम पेन्सिल जाईल एवढं भोक उरलं होतं. तुकडा हातोहात फिरला. मागच्या रांगेतल्या आजोबांनी तो डोळ्याला लावून पंख्याकडे बघितलं आणि म्हणाले, "यातून आपण पाणी पितोय?" ठराव पाच मिनिटांत मंजूर.

इथे एक सापळा आहे. धार कमी म्हणून एखादा सभासद घरात प्रेशर पंप बसवतो. जुन्या पाइपला तो दाब झेपत नाही, आटे सुटतात, आणि रांगेतल्या बाकीच्यांचं पाणी पळतं ते वेगळंच. दुसरा सापळा असा की घरात बाथरूम नवं करताना आतले पाइप सीपीव्हीसीचे टाकतात आणि उभी लाइन तशीच जीआयची. मग नवीन नळांत रोज गंजाचे कण अडकतात आणि शिव्या नळाच्या कंपनीला.

६. इमारतीला बाहेरून एक फेरी मारा

पुढून नव्हे, मागून. हाउस गल्लीतून (दोन इमारतींमधल्या अरुंद बोळातून), डक्टमधून, जिथे कुणी जात नाही तिथून. वर बघत चाला.

बिडाच्या पाइपच्या जोडाशी पिंपळाचं रोप दिसलं की समजा, तिथे बारा महिने पाणी आहे. मुंबईतला हा सगळ्यात विश्वासू प्लंबिंग इन्स्पेक्टर. नुसता वरून छाटला तर पावसाळ्यात दुप्पट होऊन येतो, कारण मुळं जोडाच्या आत शिरलेली असतात. रोप मुळासकट काढून जोड पुन्हा भरावा लागतो, आणि मुळांनी पाइप फाकवला असेल तर तो भाग बदलावा लागतो.

त्याखेरीज बघायचं ते पाइपला उभी गेलेली चीर, जोडाखाली भिंतीवर हिरवा-काळा पट्टा, गंजून तुटलेले क्लॅम्प. खाऱ्या हवेने क्लॅम्प पाइपाआधी जातात, आणि बिडाचा वजनदार पाइप जोडांवर लोंबकळतो. सगळ्यात वर सांडपाण्याच्या पाइपच्या तोंडावर जाळीची टोपी आहे का तेही बघा. नसेल तर कावळे, काटक्या, चेंडू, सगळं आत जातं.

७. टाक्या

रात्री पंप बंद करून गच्चीवरच्या टाकीत मोजपट्टीने पातळी मोजा, पहाटे पुन्हा मोजा. आमची टाकी २ मीटर बाय १.५ मीटर, म्हणजे एक सेंटिमीटर उतार म्हणजे ३० लिटर. रात्री १२ ते ५ मध्ये ती ९ सेंटिमीटर उतरली. २७० लिटर, सगळे झोपलेले असताना! त्यातला मोठा भाग तीन घरांच्या गळक्या फ्लश टँकचा निघाला. फ्लश टँकमध्ये खायचा रंग टाका. फ्लश न करता अर्ध्या तासात भांड्यात रंग उतरला तर वॉशर गेलाय.

जमिनीखालच्या टाकीत उलटंही होतं. आत येणारा व्हॉल्व्ह बंद, पंप बंद, आणि तरी पातळी वाढतेय, तर बाहेरचं पाणी टाकीत शिरतंय. पावसाळ्यात हे आवर्जून बघा. झाकणातूनच बघा, आत उतरू नका. आत हवा कमी असते, शेजारी पंपाची वीज असते.

पिण्याची आणि फ्लशिंगची टाकी वेगळी असेल, तर दोन्ही लाइन कुठेही जोडलेल्या नाहीत ना, हे प्लंबरला दाखवायला सांगा. टंचाईच्या वर्षी कुणीतरी "तात्पुरता" जोड दिलेला असतो.

८. नाक आणि कान

न्हाणीतून वास येतो पण पाणी ओतल्यावर थांबतो: ट्रॅप सुकला होता, काही बिघडलेलं नाही. थांबत नाही: ट्रॅप किंवा जोड फुटलाय. वरचा फ्लश झाला की तुमच्या न्हाणीत गुडगुड होते: पाइपचं गच्चीवरचं हवेचं तोंड बंद झालंय किंवा खाली चोकअप आहे. तळमजल्याची न्हाणी उलटी भरत असेल तर चेंबर उघडा. तुंबलं की अ‍ॅसिड ओतायची सवय सोडा. चोकअप निघतो, पण टाइल्सच्या फटी आणि बीडही खाल्लं जातं.

९. छताला टिचकी

बाथरूमखालच्या छतावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोका. पोकळ आवाज आला, गिलावा फुगला असेल किंवा सळीच्या रेषेत तांबूस चीर दिसली, तर हा प्लंबरच्या हातचा विषय राहिला नाही. बुडीत बाथरूमच्या (खोलगट स्लॅबवर भराव घालून केलेल्या) भरावात पाणी महिनोन्‌महिने साचून राहतं आणि खालची सळी गंजवतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. तसंही गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी व्हायला हवं. त्या अहवालात प्लंबिंगचा वेगळा भाग मागा. न मागता मिळत नाही.

१०. खर्च कुणाचा

बाहेरचे पाइप, सांडपाण्याच्या लाइन, पंप, टाक्या, गच्ची: सोसायटी. घराच्या आतलं, म्हणजे वरच्याच्या बाथरूमची न्हाणी आणि भिंतीत गाडलेले पाइप: त्या सभासदाचं. बहुतेक भांडणं गळती कुठल्या बाजूची हे न तपासता होतात, म्हणून आधी रंग टाका, मग पत्र लिहा. मुंबई शहर भागातल्या ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या इमारतीत राहत असाल, तर म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे जावं लागेल.

पैशांसाठी दोन खाती बघा: दुरुस्ती निधी (बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के दरसाल) आणि सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या कामांसाठी साठवलेला निधी (किमान ०.२५ टक्के). अनेक सोसायट्यांत हे आकडे वीस वर्षांपूर्वी ठरवलेलेच चालू असतात.

काम देताना तीन कोटेशनं मागवा आणि तिघांनाही एकच यादी द्या, तीही तुमच्या वहीतून काढलेली: कुठली रांग, किती फूट, कुठला पाइप. काम एका उभ्या रांगेचं एकदम करा. पालिकेच्या मीटरच्या बाजूला हात लावायचा असेल तर परवानाधारक प्लंबरच हवा. आणि नवीन पाइप भिंतीत गाडण्याआधी त्यात दाब भरून काही तास ठेवायला सांगा, जोड उघडे असतानाच फोटो काढा. आमच्या डक्टचे फोटो आता फाइलच्या पहिल्या पानावर चिकटवलेत, तारखेसकट. पेन्सिलीच्या रेघा काकूंनी अजून पुसू दिलेल्या नाहीत. म्हणतात, एक मे अजून जाऊ दे.